पैनगंगेवरची अडीच मिनिटं

सकाळी सकाळी मावळतीचं बोलतोय, कारण आजची संध्याकाळ अजून आपल्या हातात आहे.

आदिलाबादहून महाराष्ट्राकडे जाताना डोल्लाऱ्याजवळ पैनगंगेचा पूल लागतो. नदी पश्चिमेकडून येते, म्हणून मावळता सूर्य तिच्या वरच्या अंगाला असतो. वेचणीच्या दिवसांत बाया डोक्यावर कापसाची गाठोडी घेऊन परततात. पांढरा कापूस क्षणभर केशरी होतो. महामार्गावरचे ट्रक थांबत नाहीत. मीही कित्येक वर्षं थांबलो नव्हतो.

बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्या भागात जेमतेम सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. आणि नवल असं, की टेकलेलं दिसतं तेव्हा ते खरं तर क्षितिजाखाली गेलेलं असतं. हवेतून वाकून आलेला उजेड ते आपल्याला दाखवत राहतो.

आज्या तिन्हीसांजेला कुणाला झोपू देत नसत. हातातलं काम ठेवायला लावत, दिव्यापुढे हात जोडायला लावत.

आज ऊन तांबूस झालं की फोन खिशात ठेवा. सूर्याकडे टक लावू नका, डोळ्यांना इजा होते. पाण्याकडे बघा, परतणाऱ्या बगळ्यांकडे बघा. श्वास हळूहळू लांबत जाईल. मग घरी या. दिवेलागण झालेली असेल.