पोटातल्या बाळाला गाठ आहे, असे कळल्यावर



सोनोग्राफीत बाळाला गाठ दिसते, असे डॉक्टर म्हणाले की आपल्या रे रोडच्या माणसाला परळचे टाटा हॉस्पिटल आठवते आणि पुढचे काही ऐकू येत नाही. घरी आल्यावर सल्ले सुरू होतात. 'पाडून टाक, अजून वय आहे.' सल्ला बहुधा मायेपोटीच दिलेला असतो. पण गाठ कोणती, हे अजून कोणी विचारलेलेच नसते.

आणि गाठी सारख्या नसतात. माकडहाडापाशी वाढणारी टेराटोमा ही गाठ सुमारे ३५ ते ४० हजार जन्मांमागे एका बाळाला होते, मुलींना अधिक. जन्मतः ती बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. माकडहाडासकट लवकर काढली तर बाळ सहसा चांगले वाढते. रेंगाळल्यास धोका वाढतो. हृदयातल्या रॅब्डोमायोमाच्या गाठी जन्मानंतर पुष्कळदा आपोआप लहान होतात, मात्र त्यांच्यामागे मेंदूवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार असू शकतो, हेही आईबापांना सांगायलाच हवे. न्यूरोब्लास्टोमा नावाने कर्करोग. तरी जन्माआधी सापडलेली लहान गाठ कित्येकदा नुसते लक्ष ठेवल्यावर विरून जाते. २०२५ साली बुलढाण्यात सोनोग्राफीत एका बाळाच्या पोटात गर्भासारखी गाठ दिसली. अमरावतीच्या सरकारी डॉक्टरांनी जन्मानंतर तीनच दिवसांनी शस्त्रक्रिया करून दोन अविकसित गर्भ बाहेर काढले. आधी दिसले म्हणूनच तयारी करता आली.

ख्रिस्तसभेने १९८७ साली जन्मपूर्व तपासणीला मान्यता दिली ती याच अर्थाने: बाळाला जपण्यासाठी, बरे करण्यासाठी. आपला १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला. गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपात करता येतो. परवानगी मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असे आम्हाला वाटत नाही.

कधी गाठ इतके रक्त ओढते की बाळाचे हृदय थकते, अंगात पाणी साठते आणि उपाय खुंटतात. इथे सोपे बोलणे आम्हाला जमत नाही. तेव्हाही प्रत्येक यंत्र लावलेच पाहिजे, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५७ साली डॉक्टरांना सांगितले की असाधारण उपायांचे बंधन नाही. कोणी विचारेल, बाळ जाणारच, मग आधी पाडले काय आणि नंतर गेले काय? शेवट एकच दिसतो खरा. पण एकात आपण बाळाला अडचण मानून वागतो, दुसऱ्यात रुग्ण मानून. रुग्णाचे दुखणे कमी करतात, त्याला उराशी धरतात, नाव देतात. जगण्याची शाश्वती नसेल तर बाप्तिस्मा नर्सही देऊ शकते.

ज्या आईने भीतीने वेगळा निर्णय घेतला, तिच्या दारात उभे राहून कोणी पाप मोजू नये. त्या दिवसांत तिच्यासोबत हॉस्पिटलात कोण गेले होते, हे आधी विचारावे.

परळला वाडियाची बाळंतपणाची आणि मुलांची हॉस्पिटले शेजारी-शेजारी आहेत. रिपोर्ट दाखवायला सोबत हवी असेल तर मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत सांगा. आमच्यातले कोणीतरी येईल.