नाव घालायचंय

परभणीकडचं एक कुटुंब दुष्काळात गाव सोडून मुंबईला आलं आणि एका उड्डाणपुलाखाली राहू लागलं. बाप मजूर नाक्यावर उभा राही. आई पहाटे दादरच्या फुलबाजारातून मोगरा आणून गजरे करी. लेक रखमा नऊ वर्षांची. तिनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण आकडे तिला येत होते. समोरच्या थांब्यावर येणाऱ्या बेस्टच्या गाड्यांवरचे देवनागरी आकडे बघून बघून ती ते शिकली होती.

जूनमध्ये बाप तिला घेऊन एका शाळेत गेला. "लेकीचं नाव घालायचंय."

"जन्मदाखला? आधार? पत्त्याचा पुरावा?"

तिन्हीतलं काहीच नव्हतं. "मग ते घेऊन या," कारकून म्हणाला. बाप एक शब्दही न बोलता परत फिरला. नाही म्हटलं की बाजूला व्हायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

काही दिवसांनी दुसऱ्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका गजरा घ्यायला पुलाखाली थांबल्या. लांबून येणाऱ्या बसचा नंबर रखमानं त्यांच्याआधी वाचला. बाईंनी विचारलं, "कितवीला आहेस गं?"

"शाळेत घेत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी बापलेक बाईंच्या कार्यालयात होते. इथला लिपिकही अडखळला. "बाई, यांच्याकडं एकही कागद नाही."

"२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ काय सांगतं?" बाई म्हणाल्या. "वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. वडिलांकडून वय लिहून घ्या."

"आणि पत्ता?"

"राहतात तोच. उड्डाणपुलाखाली, खांब क्रमांक २३."

"मग पहिलीत घालू?"

"नाही, चौथीत. कलम ४ प्रमाणे मूल आपल्या वयाच्या मुलांबरोबरच बसलं पाहिजे. मागं राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, ते आपलं काम."

बापानं हात जोडले. "लई उपकार झाले, बाई."

बाई उठून त्याच्यासमोर आल्या. "दादा, उपकार म्हणू नका. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा हा हक्क आहे. उपकार समजून घेतलंत, तर उद्या कुणी नाही म्हटल्यावर पुन्हा मुकाट्यानं परत जाल."

नाव घातलं, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. पुलाखाली वह्यापुस्तकं भिजायची, म्हणून वर्गाच्या कपाटातला खालचा खण रखमाला मिळाला. शाळा भरण्याआधी तासभर एक शिक्षिका तिच्याकडून अक्षरं गिरवून घेई. "हिच्या अंगाला वास येतो," म्हणून एक मुलगी तिच्याजवळून उठली, तेव्हा बाईंनी रखमाला वेगळं बसवलं नाही. तिला शाळेच्या नळावर हातपाय धुवायला साबण ठेवला आणि त्या मुलीला परत तिच्याच शेजारी बसवलं. दिवाळीपर्यंत रखमा जोडाक्षरं वाचू लागली.

जानेवारीत पालिकेच्या पथकानं पुलाखालचं सामान उचललं. कुटुंबं पांगली. रखमा शाळेत येईना. महिना भरत आला तेव्हा लिपिकानं हजेरीपट पुढं केला. "सतत गैरहजर. नाव कमी करू का?"

"आधी शोधू," बाई म्हणाल्या. पत्ता मोडला होता, पण आईचा धंदा बाईंना ठाऊक होता. पहाटे त्या दादरच्या फुलबाजारात गेल्या आणि मोगऱ्याच्या वाट्यांपाशी विचारत फिरल्या. रखमाची आई तिथंच भेटली. कुटुंब आता कुर्ल्याजवळ राहत होतं आणि रखमाला एवढ्या लांब रोज पाठवणं जमणारं नव्हतं.

त्याच दिवशी बापाला शाळा सोडल्याचा दाखला मिळाला. या वेळी लिपिकानं तो न सांगता लिहून ठेवला होता. "कायद्यानं दाखला ताबडतोब द्यावा लागतो," तो म्हणाला. "पण दाखला दाखवायला उशीर झाला, तरी नव्या शाळेला प्रवेश अडवता येणार नाही. कलम ५. ध्यानात ठेवा, दादा."

नव्या शाळेत पुन्हा तोच प्रश्न आला. "राहण्याचा पुरावा? जन्मदाखला?"

बाप या वेळी जागचा हलला नाही. "साहेब, राहायला घर न्हाई. जन्मदाखलाबी न्हाई. पण कलम १४ म्हणतं, वयाचा पुरावा न्हाई म्हणून लेकराला अडवता येत न्हाई. वय मी लिहून देतो. हा आधीच्या शाळेचा दाखला. पोर चौथीत आहे."

रखमाचं नाव घातलं गेलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच कार्यालयात उभा राहिला. शेजारच्या पालांतले दोन बाप त्यानं सोबत आणले होते, आणि दोघांच्याही हाताला धरून त्यांची मुलं होती.

तात्पर्य: उपकार माणसाच्या मर्जीवर असतो, माणूस बदलला की तो संपतो. हक्क मुलाबरोबर गावोगाव जातो. ज्यांचा मुक्काम आज इथं तर उद्या तिथं, त्यांना म्हणूनच आपला हक्क माहीत असणं सर्वांत गरजेचं आहे. आणि शाळेनं हजेरीपटावरचं नाव खोडण्याआधी त्या नावाच्या मुलाला शोधायला बाहेर पडलं पाहिजे.