अर्पणपत्रिका आणि उचल

सावकाश बसा. पाठ टेकवा, हात मांडीवर मोकळे सोडा. श्वास जसा येतो तसा येऊ द्या. आज मनात एका पुस्तकाचं पहिलं पान धरायचं आहे.

पुस्तक १८७३ सालचं, जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’. फुल्यांनी ते कुणा राजाला किंवा गुरूला अर्पण केलं नाही. अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी काळ्या गुलामांना मोकळं करण्यासाठी स्वतःचा स्वार्थ बाजूला ठेवला, त्यांना त्यांनी ते वाहिलं. माझ्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना दास्यातून सोडवावं, अशी इच्छाही त्यांनी तिथेच नोंदवली.

फुले अमेरिकेला कधी गेले नाहीत. टॉमस पेनचं लेखन त्यांनी वाचलं होतं आणि अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. एवढ्या बळावर त्यांनी समुद्रापलीकडच्या माणसांचं दुःख आपल्या गल्लीतल्या दुःखाशेजारी ठेवलं आणि दोन्हींना एकच नाव दिलं. इथे जरा थांबा. दूरचा अन्याय पाहून हळहळणं सोपं असतं, कारण तो करणारे आपल्या ओळखीचे नसतात. फुले हळहळून थांबले नाहीत. तिकडे पाहिल्यावर त्यांची नजर घराकडे वळली, आणि घरात काय दिसलं ते त्यांनी छापलं.

आता मन पाचोडला आणा. पैठण तालुक्यातलं हे गाव बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. इथला मोसंबीचा बाजार दूरवर माहीत आहे आणि भोवतीच्या काळ्या रानात कापूस पिकतो. त्या कापसाचं एक बोंड डोळ्यांपुढे धरा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, म्हणून मुंबईच्या बाजारात कापसाला न भूतो असा भाव आला. १८६५ ला युद्ध संपलं आणि भाव कोसळला. तेजीत काढलेलं कर्ज मात्र होतं तिथेच राहिलं. पुढे १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं आणि वह्या हिसकावून जाळल्या. पाचोड तेव्हा निजामाच्या मुलुखात होतं, पण नगर जिल्हा गोदावरीच्या पलीकडेच सुरू होत होता. तिकडच्या गुलामाच्या हातून सुटलेला कापूस असा इकडच्या कुणब्याच्या गळ्यात येऊन पडला होता.

सावकाराची ती वही नजरेसमोरून हलू देऊ नका.

१८६५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती आली आणि गुलामगिरी कायद्याने संपली. पण मोकळ्या झालेल्या माणसांकडे जमीन नव्हती. मग जुन्याच मालकाची जमीन वाट्याने करायची, बी-बियाणं आणि पीठ-मीठ त्याच्याकडून किंवा दुकानातून उधार घ्यायचं, आणि वर्षाअखेरीला हिशेब व्हायचा. हिशेब लिहिणारा मालक, ऐकणारा मजूर. पुष्कळांच्या नावावर दरवर्षी बाकी निघे, आणि बाकी आहे म्हणून पुढचं वर्षही तिथेच जाई. फुल्यांचं पुस्तक आलं त्याच १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या टोळीने कित्येक काळ्या माणसांना ठार मारलं. फुल्यांनी ज्यांचा गौरव केला त्यांचं काम खरं होतं, थोर होतं, आणि अर्धं होतं. पंडिता रमाबाई १८८६ पासून अमेरिकेत राहिल्या, फिरल्या. १८८९ मध्ये त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात कौतुक भरभरून आहे, पण तिथला वर्णद्वेषही त्यांनी दडवलेला नाही. मला दोघांचंही पाहणं हवंसं वाटतं. जोतीरावांचं, कारण त्याने धीर येतो. रमाबाईंचं, कारण त्याने डोळे उघडे राहतात.

आता अवघड पायरी. घाई करू नका.

दसरा होतो, दिवाळी जवळ येते, आणि या भागातून, शेजारच्या बीड जिल्ह्यातून तर फारच, ऊसतोडीला जाणारी माणसं निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पीठ, सरपण, शेळी, आणि वर लेकरं. पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. निघण्याआधी टोळीच्या मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात संपलेलीही असते. हंगामभर ऊस तोडायचा आणि टनावर ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा सांगतो की कर्जापोटी माणसाला कामाला जखडणं गुन्हा आहे. कायद्याला पन्नासेक वर्षं झाली, आणि मुकादमाच्या वहीत बाकी लिहिली जातेच आहे.

या वहीत नावं कुणाची आहेत, ते मनाशी पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. उचल बहुधा त्याच्या हाती पडते. बाईला मागे ठेवण्याची ही रीत तिकडेही होती. १८४० साली लंडनला गुलामगिरीविरोधी परिषद भरली, तेव्हा अमेरिकेहून आलेल्या ल्युक्रेशिया मॉट यांच्यासारख्या प्रतिनिधींना बायका आहेत म्हणून सभेत प्रतिनिधीची जागा मिळाली नाही. दुसऱ्यांच्या बेड्या तोडायला निघालेल्या बायकांना त्या दिवशी स्वतःची बेडी दिसली. आठ वर्षांनी, १८४८ मध्ये, सेनेका फॉल्सला स्त्रियांच्या हक्कांची परिषद झाली. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात फुल्यांनी मुलींची शाळा उघडली. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

कोयत्याला जोडी लागते, म्हणून मुलींची लग्नं लवकर होतात. आई-बाप सहा महिने परगावी असताना वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनेही होतात. हे क्रौर्य म्हणून बाजूला सारू नका. त्या बापाच्या जागी बसून पाहा. तो वाईट माणूस नाही, त्याच्यापुढे वाटाच दोन ठेवलेल्या आहेत. पाचोडमध्येच इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था किशोरवयीन मुलींचं आरोग्य आणि लग्नाचं वय पुढे नेणं यावर वर्षानुवर्षं काम करत आली आहे. असं काम सभेत दिसत नाही. घरोघर जाऊन, चुलीजवळ बसून, आजीशी बोलून ते करावं लागतं. माझ्या मते फुल्यांची अर्पणपत्रिका आज ज्यांना लागू पडते, ती माणसं ही.

‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये फुल्यांनी कर्ज आणि अज्ञान एकाच साखळीत गुंफून दाखवलं. १८८२ च्या, शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे त्यांनी मागितलं ते निदान बारा वर्षांपर्यंतचं सक्तीचं प्राथमिक शिक्षण. ट्रॉलीवर चढणारं पोर साधारण त्याच वयाचं असतं.

श्वास पुन्हा एकदा पाहा आणि हळूहळू डोळे उघडा. मननातून उठताना एक काम सोबत घ्या. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं गावात राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. दिवाळीआधी आपल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जा. यंदा वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का, ते गुरुजींना विचारा. हजेरीपटावरची कुठली मुलं दिवाळीनंतर दिसेनाशी होतात तेही विचारा, आणि त्यांच्या आई-बापांना ते निघण्याआधी गाठा.