तोकडी साधने आणि कर्तव्य

तंजावरच्या सरस्वती महालात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे जतन केलेली आहेत. सोबत डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. त्या काळी क्ष-किरण नव्हते, बधिरीकरण नव्हते. तरी रोग्याकडे नीट पाहणे आणि पाहिलेले लिहून ठेवणे येथे घडले. ती टिपणे आठवली की एक प्रश्न मनात उभा राहतो : साधने तोकडी असली म्हणजे कर्तव्यही तोकडे होते काय?

हाडाच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. त्यातील ऑस्टिओसार्कोमा हा प्रकार बहुधा वाढत्या वयाच्या मुलामुलींना, गुडघ्याच्या आसपास होतो. प्रारंभी केवळ दुखणे. विश्रांतीनेही न थांबणारे, रात्री झोपमोड करणारे. मग सूज. पोर कावेरीकाठचे असो वा कृष्णाकाठचे, खेळताना पडले असेल म्हणून पाय चोळला जातो, हाडवैद्याची पट्टी बसते आणि महिने निघून जातात. वास्तविक पहिला संशय पक्का करणारे क्ष-किरणचित्र फारसे महाग नाही. तुकडा काढून तपासणे मात्र पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्याच सल्ल्याने व्हावे. भलत्या जागी घेतलेल्या छेदामुळे वाचण्याजोगा पायही गमवावा लागतो.

1970 पूर्वी, पाय कापूनही, दहांतून एकदोनच रोगी दीर्घकाळ जगत. औषधांची जोड मिळाल्यापासून, रोग पसरण्यापूर्वी आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक वाचू शकतात. पाश्चात्त्य देशांत मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रा देतात; त्यासाठी रक्तातील औषधाचे प्रमाण वरचेवर मोजावे लागते. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने ते औषध वगळून, इतर औषधांची आपल्याकडे पेलेल अशी योजना अवलंबिली आणि तिचे फलित मोजून प्रसिद्ध केले. ही तडजोड अनीतीची म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. अर्ध्यावर सुटणाऱ्या उत्तम उपचारापेक्षा शेवटास जाणारा साधा उपचार बरा. अट एवढीच की, तडजोड रोग्यापासून लपविली जाऊ नये आणि तिचे फळ प्रामाणिकपणे तपासले जावे.

एक तडजोड मात्र क्षम्य नाही, ती वेळेची. अड्यारची कर्करोग संस्था 1954 पासून आहे, तंजावरचे वैद्यकीय महाविद्यालय 1959 पासून. पण गावातून तेथवर पोहोचण्यास प्रवासखर्च लागतो, बुडालेली मजुरी सोसावी लागते, मदतीच्या अर्जावर सही लागते. ती सही करणारे हात पुष्कळदा आपल्यासारख्यांचे असतात. गरिबीचा दोष आपल्या एकट्याच्या माथी येत नाही, हे खरे. परंतु टेबलावर पडून राहिलेल्या कागदाचा येतो. औषध नव्हते, असे सांगणाऱ्याला क्षमा करता येईल. आठवडाभर कागद पाहिलाच नाही, असे सांगणाऱ्याने ती कोणाकडे मागावी?