उघड्या जमिनीवरचा पाऊस

दिवाळीत मुलं किल्ल्यावर अळीव पेरतात. चार-पाच दिवसांत उतार हिरवा होतो. त्यावर पाणी शिंपडताना नीट पाहा. अळीव रुजलेला उतार जागचा हलत नाही. उघड्या मातीवर मात्र बारीक ओघळ उमटतात आणि बुरुजाच्या पायथ्याशी गाळ साचतो. आपल्या शिवारात जून ते सप्टेंबर हेच चालतं.

धूप म्हटली की डोळ्यांपुढे घळी आणि गढूळ ओढे येतात. पण सुरुवात त्याच्या बरीच आधी झालेली असते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला ८-९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. ढेकूळ फुटतं, सुटलेले कण मातीची छिद्रं बुजवतात, वर पापुद्रा धरतो आणि मुरणारं पाणी पळू लागतं. पळणारं पाणी बांध अडवतो. थेंबाचा मार त्याला अडवता येत नाही. तो झेलतं पान, गवत, धसकट, पाचोळा. आपण बांधावर पिढ्यान्‌पिढ्या कष्ट ओतले आणि मातीच्या पांघरुणाकडे पाठ फिरवली, असं माझं स्पष्ट मत आहे.

बांधांचं मोल मला कमी करायचं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ताली-बंधारे घालून पाणी शेतात मुरवण्याचा आग्रह धरला होता. १९७२च्या दुष्काळात उपाशी माणसांनी खडी फोडली, तसे बांधही घातले. त्यातले कितीतरी आज शेजाऱ्याच्या नांगराने दर वर्षी वीतभर कोरले जाताहेत. बांध कोरणारा जमीन मिळवत नाही, दोघांचीही घालवतो.

सोलापूरच्या भारी काळ्या रानात तर जमीन भर पावसाळ्यात उघडी असते. तिथलं पीक रब्बी ज्वारी. तोवर कुळवाच्या पाळ्या घालत रान मोकळं ठेवायचं. यामागे शहाणपण आहे. चिकण जमिनीला पावसात वाफसा मिळत नाही आणि ज्वारीला पुढे साठलेल्या ओलीवरच जगायचं असतं. पण त्याची किंमत मातीत मोजावी लागते. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट संस्थेने १९७६पासून काळ्या जमिनीवर दोन पद्धती शेजारीशेजारी चालवल्या. पावसाळी पड ठेवलेल्या रानातून वर्षाला हेक्टरी सरासरी ६ टनांहून अधिक माती गेली. रुंद वरंबा-सरी पाडून खरिपातही पीक घेतलेल्या रानातून सुमारे दीड टन.

सोलापूरला पाऊस त्याहून कमी, म्हणून सगळं रान खरिपात पेरा असं मी म्हणणार नाही. पण उताराला आडवे हुलग्याचे, मटकीचे पट्टे घेता येतात. ही पिकं जमिनीवर पसरतात आणि थेंब स्वतःच्या अंगावर घेतात. बांधावर मारवेल गवत लावलं तर बांधही टिकतो आणि जनावरांना चाराही होतो. कुळवणी आणि पेरणी उताराला आडवी करायला तर वेगळा पैसाही लागत नाही.

२०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत आपण तलावातला गाळ काढून शेतात पसरतो आहोत. काम चांगलंच आहे. पण तो गाळ म्हणजे वरच्या शिवारातून वाहून आलेली माती. हेक्टरभर रानावरचा फक्त १ मिलिमीटर थर गेला, तर १० घनमीटर माती जाते. जाताना ती डोळ्यांना दिसत नाही. परत आणायला मात्र यंत्र लागतं, ट्रॉल्या लागतात, डिझेल लागतं.

शहरातल्या आपणा मंडळींचाही यात वाटा आहे. सोसायटीतला पाचोळा आपण सकाळी झाडून पेटवतो आणि दुपारी नर्सरीतून लाल मातीचं पोतं विकत आणतो. ते पोतं कुठल्यातरी डोंगराच्या अंगावरून खरवडून भरलेलं असतं. पागोळ्यांखालची माती दर पावसाळ्यात उखडते, झाडांची मुळं उघडी पडतात, तरी आळ्यात मूठभर वाळकी पानं पसरायला आपण विसरतो.

या वर्षी किल्ला मोडलात की त्याची माती गटारात ढकलू नका. ती झाडाच्या बुडाशी घाला, वर अंगणातला पाचोळा चांगला चार बोटं पसरा, आणि हे काम मुलांच्या हातून करून घ्या.