पितृऋण आणि ऋषिऋण

परदेशी शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्याच्या मुक्कामाचे शेवटचे चार-सहा आठवडे मोठ्या धांदलीचे असतात. प्रबंधाची अखेरची प्रकरणे लिहावयाची राहिलेली असतात. ग्रंथालयाची पुस्तके परत करावयाची असतात. खोली रिकामी करून अनामत रक्कम सोडवून घ्यावयाची असते. ‘पुढे पाहू’ म्हणून दोन वर्षे राहून गेलेली शहरे आणि चित्रसंग्रहालये आता हाका मारीत असतात. आणि विमानाच्या तिकिटावरील तारीख मात्र तसूभरही हलत नसते. हे सारे पाहणारास वाटते की, प्रश्न केवळ वेळेचा आहे. वस्तुतः तो त्याहून खोल आहे. वेळ उरला नसता मनुष्य काय सोडतो आणि काय धरून ठेवतो, यावरून तो खरोखर काय शिकला हे कळते. म्हणून या आठवड्यांचा विचार नीतीच्या दृष्टीने करणे अस्थानी होणार नाही.

आपल्या परंपरेने मनुष्याच्या शिरावर देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. ऋषिऋण अध्ययनाने फिटते. पितृऋण वंश चालविल्याने फिटते, असा शास्त्रार्थ असला, तरी आईबापांनी आपल्यासाठी जे सोसले त्याची फेड, असाच अर्थ आज कोणीही करील. एरवी ही दोन ऋणे एकमेकांच्या आड येत नाहीत. मुलगा मन लावून शिकला की दोन्हींचे हप्ते एकदमच भरले जातात. परंतु परदेशातील शेवटच्या आठवड्यांत असा एक क्षण येतो की, दोन्ही सावकार एकाच वेळी दारात उभे राहतात.

पितृऋणाचा भार केवढा असतो, हे यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या कापसाच्या तालुक्यात राहणारास समजावून सांगावे लागत नाही. येथील मुलास जर्मनीस जावयाचे असले, तर तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नसले तरी, एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधीच बँकेत ठेवून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो, म्हणजे दहा लाख रुपयांहूनही अधिक, ठरविण्यात आली. कोरडवाहू शेतीवर हा आकडा उभा करावयाचा तर शेत गहाण पडते, नाही तर घरातले सोने मोडावे लागते. अशा घरातून फोन येतो तेव्हा त्यात एकच प्रश्न असतो : ‘झालं का?’ त्या प्रश्नात लोभ नसतो. एका हंगामाची गाठ दुसऱ्या हंगामाशी कशीबशी घालणाऱ्या माणसाची ती साधी विचारपूस असते. पण ऐकणाराच्या मनावर तिचा घाव बसतो.

आणि नेमका याच वेळी मोह समोर येतो. प्रयोगातील दोन आकडे जुळत नाहीत. ते गाळले तर आलेख सुबक दिसेल. एक महत्त्वाचा ग्रंथ वाचावयाचा राहिला. पण वाचल्याचे भासविणे कठीण नाही. आता तर सांगाल तितकी पाने लिहून देणारी यंत्रेही हाताशी आहेत. जर्मन विद्यापीठांत प्रबंधाच्या अखेरीस, हे काम माझे स्वतःचे असून घेतलेले सर्व आधार मी नमूद केले आहेत, अशा अर्थाच्या प्रतिज्ञेवर विद्यार्थ्यास सही करावी लागते. त्या सहीपाशी पितृऋण म्हणते, ‘आटोप’. ऋषिऋण म्हणते, ‘थांब’. कोणाचे ऐकावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच समाजातील दोन उदाहरणे डोळ्यांपुढे येतात. पहिले इरावतीबाई कर्वे यांचे. १९२८ साली त्या मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांना हा बेत पसंत नव्हता. पती दिनकरराव पाठीशी होते, आणि पैसा जिवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतलेला होता. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू विषम असतात आणि ती विषमता त्यांच्या वरचढ बुद्धीची खूण आहे, अशी त्यांची कल्पना होती. कवट्यांची मापे घेऊन ती तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. मापे घेतल्यावर दिसले ते एवढेच की, वंश आणि ही विषमता यांचा काही संबंध नाही. ज्याच्या हाती पदवी, त्याच्याच मताविरुद्ध निष्कर्ष. देश परका, भाषा परकी, डोक्यावर कर्ज. तरी त्यांनी दिसले तेच लिहिले आणि १९३० साली पदवी घेऊन त्या परतल्या. पुढे १९३३ मध्ये, नाझी राजवटीत, तेच फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या मापांचे मोल अधिकच कळते.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे : ज्या परंपरेने ऋषिऋण सांगितले, तिनेच ते फेडण्याचा अधिकार बहुसंख्यांस नाकारला होता. ज्यांच्यावर हे ऋण कोणी मानलेच नाही, त्यांनी ते सर्वांहून चोख फेडावे, हा इतिहासाचा न्यायच म्हणावयाचा. १९१७ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून बाबासाहेबांस परतावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची मुभा विद्यापीठाकडून त्यांनी मिळविली होती. त्यांच्या पुस्तकांचे सामान ज्या जहाजावर होते, ते पाणतीराने बुडाले. मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून साठविलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला. परंतु परीक्षकांनी तो फेरमांडणीसाठी परत केला. पैसा संपला होता. १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईस आले, येथूनच प्रबंध पुन्हा लिहून पाठविला, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि त्याच वर्षअखेर पदवी मिळाली. त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांना त्यांची बरीचशी मते मान्य नव्हती. तरीही ग्रंथास प्रस्तावना लिहून त्यांनी लेखकाच्या विचारांतील ताजेपणाचे कौतुक केले. खरा गुरू असा असतो.

कोणी म्हणेल, ही थोरांची उदाहरणे झाली. सामान्य विद्यार्थ्यास इतके कसे पेलावे? आक्षेप बिनतोड नसला तरी हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. बाबासाहेब लंडनला असताना मुंबईत रमाबाईंनी अत्यंत ओढगस्तीत संसार चालविला. ऋषिऋणाची फेड पुष्कळदा दुसऱ्याच्या ताटातून होते. म्हणून आपला प्रबंध निर्दोष व्हावा या हौसेने मुदतीवर मुदत वाढवीत बसणारा विद्यार्थी सत्यनिष्ठ म्हणविण्यास पात्र नाही. तो घरच्यांच्या घासावर स्वतःचा लौकिक पोसतो. पूर्णतेचा हट्ट आणि सत्याचा आग्रह या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

भेद असा : अपूर्ण गोष्ट उघड सांगता येते, खोटी लपवावी लागते. ‘दोन आकडे जुळले नाहीत, कारण मला कळले नाही’ असे एक वाक्य लिहावयास फार वेळ लागत नाही. त्याने गुण थोडे कमी होतील. पण तारीख चुकणार नाही आणि ज्ञानही फसविले जाणार नाही. बहुतेक प्रसंगी दोन्ही सावकारांचे समाधान या एका वाक्यात होते. जेथे होत नाही, जेथे खरे लिहिले तर पदवीच लांबते, तेथे मात्र लांबू द्यावी आणि घरी तसे सांगावे. व्याज वाढेल, हे खरे आहे. ती झळ खोटी नाही. पण ते कर्ज निदान मोजता येते.

आणि घरच्यांना हे समजणार नाही, असे मानणे हा त्यांचा अपमान होय. कापूस खरेदी केंद्रावर आला की प्रथम त्यातला ओलावा पाहतात. हमीभावाच्या खरेदीत आठ टक्क्यांपुढे ओलावा गेला की भाव कापला जातो, बारांच्या वर गेला की माल घेतलाच जात नाही. पाणी मारून वजन वाढविणारे असतात. पण गाठीत दाबलेला ओला कापूस आतल्या आत पिवळा पडतो, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. मुलाने फोनवर सांगितले की, ‘बाबा, वजन थोडे कमी भरेल, पण माल कोरडा आहे,’ तर घाटंजीच्या बापास त्याचा अर्थ समजावयास विद्यापीठात जावे लागणार नाही. त्याला वाईट वाटेल, तो हिशेब पुन्हा मांडील. पण मुलास कशासाठी पाठविले होते, याविषयी त्याच्या मनात संशय उरणार नाही.