शुक्रवारचं ताट

"मावशी, उद्या मित्राच्या आईनं जेवायला बोलावलंय. घरची कोंबडी कापणार आहे."

"उद्या उपवासकाळातला शुक्रवार आहे, तिला सांगितलंस?"

वसईतल्या आमच्या घरात राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत शुक्रवारी मटण-कोंबडी शिजत नाही. संध्याकाळी देवळात क्रुसाच्या वाटेची प्रार्थना. मावशी तर सिस्टर, मठातल्या नव्या मुलींना शिकवते.

"नाही सांगितलं. तिच्या गावात तिच्या हातचं पाणी कुणी घेत नसे. पोट बरं नाही, आत्ताच जेवलो, आज उपास आहे, ही कारणं तिनं जन्मभर ऐकलीत. माझं कारण खरं असलं तरी तिला ते त्यातलंच वाटणार."

"पण असं प्रत्येक वेळी काहीतरी निघतंच. आज मित्राची आई, उद्या कुणाची हळद. मग शुक्रवार उरतो कुठं?"

"बायबलातला पेत्र आठव. अंत्युखियात यहुदी नसलेल्या परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसायचा. यरुशलेमहून माणसं आली तसा बाजूला झाला. पौलानं त्याला सर्वांदेखत सुनावलं."

"पेत्र लोकांना घाबरला. तू देवासाठी नाही म्हणणार आहेस."

"ते मला ठाऊक. तिला दिसेल ते फक्त न शिवलेलं ताट."

इथं मावशी थांबली. माझ्या मते सगळा पेच इथंच आहे: हेतू माझ्या मनात राहतो आणि घाव तिला बसतो.

"जॉन कॅसियन या जुन्या संन्याशाचं तूच सांगितलं होतंस," मी म्हणालो. "इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी पाहुणा आला की उपास सोडायचे. उपास काय, रोजचाच. पाहुणा निघून जातो."

"बुधवार आणि शुक्रवार सोडून. तेही त्यानंच लिहिलंय. त्या दिवशी पाहुण्यासाठीसुद्धा नाही."

हे मी विसरलो होतो. तरी पटलं नाही. "त्या दिवशी पाहुणा आणि यजमान दोघंही उपाशी असायचे, मावशी. दोघांचा शुक्रवार एकच. उद्या ती एकटी वाढणार आणि मी एकटा नाकारणार."

बराच वेळ ती जपमाळेचा मणी बोटांत फिरवत राहिली.

"फादरांना विचार. सूट द्यायचा अधिकार त्यांना आहे."

"विचारतो. पण ते नाही म्हणाले तरी मी जेवणार."

"आणि नंतर पाप म्हणून कबूल करशील?"

"नाही."

"मग शनिवारी ये, बोलू. त्या दिवशी उपास धर, आणि उपाशीच ये."